प्लास्टर निघतं त्या दिवशी

प्लास्टर कापायची ती छोटी करवत गोल फिरत नसते, नुसती थरथरत असते. म्हणून ती कडक प्लास्टर कापते आणि खालची मऊ कातडी तिच्याबरोबर हलून सुटते. पण आवाज असा भयंकर की समोरची बाई डोळे घट्ट मिटून घेते. सहा आठवड्यांनी बाहेर आलेलं मनगट तिला आपलं वाटत नाही. बारीक झालेलं, कोंडा धरलेलं, खाजणारं. नवा एक्स-रे उजेडासमोर धरला जातो. हाड जुळलंय. कोमट पाण्यात मूठ उघडझाप करा, महिनाभर वजन उचलू नका. पैसे, पावती, रिक्षा. ठाण्याच्या नौपाड्यात काय किंवा नवी मुंबईच्या वाशी-नेरुळात काय, हा प्रसंग रोज कुठे ना कुठे असाच घडतो आणि एवढ्यावरच संपतो.

जो प्रश्न त्या दिवशी विचारायलाच हवा, तो राहून जातो. चालता चालता, हात टेकून पडल्यावर पंचावन्न वर्षांच्या बाईचं मनगट मोडावं का?

मोडू नये. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून मोडलेलं हाड हे आधीच अशक्त झालेलं हाड, असं वैद्यकात धरून चालतात. घरात मात्र एकच वाक्य फिरतं, ‘पाय घसरला म्हणून मोडलं.’ फरशी ओली होती हे खरंच असतं, त्यामुळे कुणी खोटं बोलत नाही. शेजारणी येऊन फरशीला, पावसाला, चपलेला दोष देतात, हाडाला कुणी देत नाही. प्लास्टर निघालं की फाइल बंद होऊन कपाटात जाते, आणि तिच्याबरोबर पुढच्या वीस वर्षांची सूचनाही.

कारण या मोडण्याला एक क्रम आहे. साधारण पन्नाशीत मनगट, साठीत मणका, सत्तरीच्या पुढे खुबा. पन्नाशीतली बाई पडताना वेळेवर हात पुढे टाकते, म्हणून मनगट जातं. पंचाहत्तरीत तो हात पुढे यायला क्षणभर उशीर होतो आणि सगळा भार कुशीवर येतो. मनगटाच्या या मोडण्याचं नेमकं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या सर्जनने १८१४ मध्ये केलं. एक्स-रेचा शोध त्यानंतर ८१ वर्षांनी लागला. त्याने ते नुसत्या बोटांनी चाचपून ओळखलं होतं. आज आपल्याकडे एक्स-रे आहे, एमआरआय आहे, आणि तरी मनगट बघून खुब्याचा विचार करणारे थोडेच.

गोंधळाचं एक कारण आपल्या भाषेतही आहे. ‘हाडांची झीज’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. गुडघ्याच्या सांध्यातली गादी झिजते, गुडघा दुखतो, जिना चढताना कटकट वाजतो, ती एक झीज. हाडाच्या आतला मालच कमी होतो, ती दुसरी. पहिली दुखते. दुसरी मोडेपर्यंत अवाक्षर काढत नाही. गुडघ्याला बाम चोळणाऱ्या बाईला वाटतं की आपल्या हाडांकडे आपलं पुरेसं लक्ष आहे, आणि गुडघा न दुखणारीला वाटतं की आपली हाडं ठणठणीत आहेत. दोघींचाही अंदाज चुकू शकतो. या लेखात झीज हा शब्द वापरणार नाही, ठिसूळपणा म्हणू.

हाड म्हणजे भिंतीत बसवलेला दगड नव्हे. ते सतत पाडलं आणि बांधलं जातं. पांचपाखाडीत एखादी जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की पाडकाम आठवड्यांत उरकतं आणि बांधकामाला वर्षं लागतात. हाडाचंही प्रमाण तसंच. एका जागचं पाडकाम करणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत काम संपवतात, तोच खड्डा भरायला बांधणाऱ्या पेशींना तीन-चार महिने लागतात. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाडणाऱ्यांवर अंकुश ठेवतं. पाळी जाते, अंकुश सुटतो, आणि एकाच वेळी असंख्य ठिकाणी पाडकाम सुरू होतं. बांधणारे तेवढेच. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडाचा वीस टक्क्यांपर्यंत माल जाऊ शकतो. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे पाश्चात्त्य बायकांच्या चार-पाच वर्षं आधी. त्यामुळे आपला हा उताराचा रस्ताही आधी सुरू होतो.

मणक्याच्या आत जाळी असते, उभ्या काड्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या काड्या. आधी तुटतात त्या आडव्या. बांधकामातल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही: आधार नसलेल्या कॉलमची लांबी दुप्पट झाली की त्याची वाकण्यापुढे टिकायची ताकद चौथाईवर येते. म्हणून हाडाचा माल वीस टक्के कमी झाला तरी ताकद त्याहून कितीतरी जास्त घटलेली असते. आणि पार नाहीशी झालेली आडवी काडी औषधाने परत उभी करणं कठीण असतं. उशीर महाग पडतो तो इथे.

इथेच ‘पिशवी काढली’ या प्रकाराबद्दल बोलायला हवं. चाळिशीत पिशवी काढलेल्या कितीतरी बायकांना पिशवीबरोबर अंडाशय काढले की ठेवले हेच ठाऊक नसतं. डिस्चार्जच्या कागदावर ‘बीएसओ’ अशी अक्षरं असतील तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशय काढलेले आहेत, म्हणजे इस्ट्रोजेन त्या दिवशीच बंद झालं. पंचेचाळिशीच्या आत असं झालं असेल तर पन्नाशीची वाट बघत बसू नये. हाडांची आणि हार्मोन उपचारांची चर्चा तेव्हाच व्हायला हवी. याच रांगेत आणखी काही जणी उभ्या असतात: तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या, स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असणाऱ्या, थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त पडणाऱ्या, आणि जिच्या आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता ती. मिश्री लावणाऱ्याही यात येतात. मिश्री म्हणजे दंतमंजन, असं सांगून तंबाखूला पदराआड लपवता येत नाही.

तपासणीचं नाव डेक्सा स्कॅन. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, सुई नाही, बोगदा नाही, किरणोत्सर्ग छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी. कंबरेचे चार मणके आणि खुबा मोजतात आणि तरुण निरोगी बाईच्या हाडाशी तुलना करून टी-स्कोअर काढतात. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये हाड विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ठिसूळ. जागतिक आरोग्य संघटनेने ही रेघ १९९४ मध्ये आखली. पण साध्या पडण्याने मणका किंवा खुबा मोडला असेल तर स्कोअर काहीही येवो, निदान झालेलं आहे. मनगट मोडलं असेल तर स्कोअरकडे जास्त कडक नजरेने बघायचं.

सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी होणाऱ्या फुकट शिबिरात टाच एका डब्यात ठेवून जो आकडा छापून देतात, तो डेक्सा नव्हे. ते अल्ट्रासाउंड असतं आणि त्याला उणे २.५ ची रेघ लावता येत नाही. तो कागद बघून औषध सुरूही करू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

खऱ्या डेक्सातही चुका होतात, आणि त्या बघायला डॉक्टर असण्याची गरज नाही. सत्तरीच्या बाईच्या कंबरेच्या मणक्यांना वयाने हाडाचे काटे फुटलेले असतात. मशिन त्या काट्यांनाही हाड समजून मोजतं, आणि मणका उणे ०.८, खुबा उणे २.७ असा रिपोर्ट येतो. अशा वेळी खुब्याचं ऐकायचं. दबलेला मणकाही असाच फसवतो, कारण तोच माल कमी जागेत कोंबलेला असतो. खुब्याच्या चित्रात मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा जेमतेम दिसला पाहिजे. तो ठळक दिसत असेल तर पाय आत वळवून नीट बांधलेला नव्हता. त्या दिवशी सकाळी कॅल्शिअमची गोळी घ्यायची नाही, कारण पोटातली न विरघळलेली गोळी मणक्यावर चमकते. परकराची हुकं, सेफ्टी पिना, कंबरेची किल्ली काढून ठेवायची. दोन वर्षांनी परत करायचं ते त्याच केंद्रात, त्याच मशिनवर. ठाण्यात एकदा आणि बेलापूरला एकदा असं केलं तर ते दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

मणक्याचं प्रकरण सगळ्यात फसवं. दबलेल्या मणक्यांतले बरेचसे कुणाला कळतच नाहीत. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात रिक्षाच्या मागच्या सीटवर बसलेली बाई एका खड्ड्याला उडून खाली आदळते. पडली नाही, आपटली नाही. घरी येऊन म्हणते, कंबरेत चमक भरली. जागा बरोबर ठरलेली असते, बरगड्या संपतात तिथे, पाठीच्या मधोमध. उभं राहिलं की वाढतं, कुशीवर वळताना जीव जातो, निपचित पडलं की बरं वाटतं. मग गॅस झाला असेल म्हणून ओवा, शीर दबली असेल म्हणून गोळी, आणि शेवटी मालिशवाली. दबलेल्या मणक्यावर जोर देऊन मालिश करणं, ‘मणका बसवून घेणं’, हा त्यातला सगळ्यात वाईट उपाय. दीड-दोन महिन्यांत दुखणं आपोआप कमी होतं आणि श्रेय मालिशवालीला जातं. मणका दबलेला तो दबलेलाच. पाळी गेलेल्या बाईला अशी अचानक चमक भरली तर पाठीचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे त्याच आठवड्यात व्हायला हवा.

उंची मोजण्याला मात्र एक पैसाही लागत नाही. अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर सपाट पुस्तक, पेन्सिलची रेघ. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त घट म्हणजे मणक्याचा एक्स-रे. तरुणपणची उंची कुठे लिहिलेली असते? लग्नाच्या वेळी पत्रिकेसोबत फिरवलेल्या माहितीच्या कागदावर. (त्यात अर्धा इंच वाढवून लिहायची पद्धत होती, तेवढा वजा करावा.) उंची मोजताना एक गोष्ट बघून घ्यावी, डोक्याची मागची बाजू भिंतीला सहज टेकते का. टेकत नसेल तर पाठीच्या वरच्या भागात पोक आलंय, आणि ते नेहमी वयाचंच असतं असं नाही.

आता खाणं. यावर सगळ्यांत जास्त बोललं जातं, त्यामुळे आकडे सांगून पुढे जाऊ. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम लागतं. २०० मिली दुधात सुमारे २४०. वाटीभर दह्यात पावणेदोनशेच्या आसपास. ६० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीत दोनशे. दहा ग्रॅम न सोललेल्या तिळाच्या चटणीत सव्वाशे. पांढऱ्याशुभ्र सोललेल्या तिळात बरंच कमी, कारण ते सालात असतं. शेवग्याचा पाला उत्तम. पालकाचा आकडा कागदावर मोठा दिसतो, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शिअमला धरून ठेवतं आणि अंगी फारसं लागत नाही. चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरच्या दिवाळे गावात राहणाऱ्यांना मांदेलीचं सांगायला नको. कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट खाल्ली जाते, आणि कॅल्शिअम त्या काट्यातच असतं. सुकट, सुके बोंबील यांतही ते आहे, पण मीठही आहे, आणि जास्त मीठ लघवीतून कॅल्शिअम बाहेर नेतं. म्हणून आधी भिजत घालून ते पाणी फेकून द्यावं.

चुन्याचंही बोलून टाकू, कारण तो संदेश दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो. गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकात घालून घ्या, म्हणे. तेवढ्या चुन्यात कॅल्शिअम भरतं फार तर पंचवीस मिलिग्रॅम. अर्धा कप दुधाचा चहा त्याच्या दुपटीहून जास्त देतो. आणि ‘दाण्याएवढा’चा चमचा झाला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते.

घरचा हिशेब आधी, गोळी नंतर. दोन चहा, वाटीभर दही, दोन नाचणीच्या भाकऱ्या आणि बाकी जेवण मिळून नऊशेच्या घरात जातं. अशा बाईला रोज ५०० ची एक गोळी पुरते, दोन कशाला? गोळी घेताना पाकिटावरचा मोठा आकडा न बघता ‘एलिमेंटल’ कॅल्शिअम किती ते बघावं. १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट म्हणजे ५०० कॅल्शिअम; १००० मिलिग्रॅम सायट्रेट म्हणजे जेमतेम २१०. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, कारण त्याला जठरातलं आम्ल लागतं. रोज पित्ताची गोळी घेणारीने सायट्रेट मागून घ्यावं, ते उपाशीपोटीही चालतं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त नको, शोषलं जात नाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, आणि लोहाच्या गोळीबरोबर कधीच नाही. प्रथिनांचा विषय उपासतापास करणाऱ्यांनी मनावर घ्यावा. ६० किलोच्या बाईला दिवसाला ६० ग्रॅम लागतात आणि पातळ वरणाच्या वाटीने ते भरत नाहीत.

तलावपाळीला सकाळी साडेसहाला फेऱ्या मारणाऱ्या बायका ‘कोवळं ऊन’ घेत असतात. फेऱ्या छान, हवाही छान, पण ड जीवनसत्त्व करणारे किरण कोवळ्या उन्हात जवळपास नसतातच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, साधारण अकरा ते तीन. काचेतून ते किरण येत नाहीत, त्यामुळे स्लायडिंग खिडकी बंद करून सोफ्यावर बसून उपयोग नाही. पावसाळ्याचे चार महिने तर ढगच. म्हणून रक्त तपासून, ड जीवनसत्त्व वीसच्या (नॅनोग्रॅम प्रति मिली) खाली असेल तर ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एक, आठ आठवडे, दुधाबरोबर किंवा जेवणानंतर. पुढे साधारण महिन्याला एक. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर हाड मऊ पडतं आणि डेक्साचा स्कोअरही खाली येतो. अंग दुखतं, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात. ती कमतरता आधी भरून काढायची, मग ठिसूळपणाचा विचार.

या पुडीत दरवर्षी कुणीतरी फसतं. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एक’ लिहिलेलं असतं, घरात ‘रोज एक’ ऐकलं जातं. महिना-दोन महिन्यांत तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, बडबड, आणि मग किडनीचे रिपोर्ट. जास्त घेतलं की जास्त चांगलं, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिलं. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा त्या बायका जास्त पडल्या होत्या आणि त्यांची जास्त हाडं मोडली होती.

व्यायामात चालणं चांगलं पण अपुरं. हाडाला वजन आणि धक्का कळतो. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं. ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलून खाली टेकवणं, वीस वेळा. एका पायावर दहा सेकंद. लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या हातात घेऊन खांद्याचे व्यायाम. सिडकोच्या जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बायकांचा निम्मा व्यायाम जिन्यावरच होतो, कितीही शिव्या घातल्या तरी. श्रावणातली झिम्मा-फुगडी ही हाडं चांगली असलेल्या बाईसाठी झकास गोष्ट, उड्या आहेत, तोल आहे, हसणं आहे. ठिसूळपणाचं निदान झालं असेल तर मात्र गाठोडं आणि बसफुगडी मुलींना करू द्यावी. तसंच पश्चिमोत्तानासन, हलासन, पादहस्तासन; पाठ गोल करून पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येतो आणि दबतो तोच भाग. योगवर्गात हे आधीच सांगावं, संकोच करू नये. सोळा लिटरची भरलेली बादली कंबरेत वाकून उचलणं हेही एक आसनच आहे. अर्धी भरावी.

घरातली सगळ्यात धोक्याची जागा न्हाणीघर. आधाराचा दांडा लागतो, आणि टॉवेलचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. तो साध्या स्क्रूवर असतो आणि ज्या क्षणी खरा भार येतो त्याच क्षणी हातात येतो. स्टीलचा, दीड इंच जाडीचा दांडा, विटांच्या भिंतीत अँकर बोल्टने, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, एक कमोडशेजारी आणि एक दाराजवळ. चिकटवायचे व्हॅक्यूमवाले नकोत. दाराबाहेरचं पायपुसणं उचलून बघावं, खाली रबर नसेल तर तेच पाडणार आहे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा. झोपेची गोळी किंवा बीपीची गोळी चालू असेल तर रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून पावलं हलवायची, मग उभं राहायचं. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नये.

आणि दिवाळी. महिनाभर आधी माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढणं, आणि मग नरक चतुर्दशीची पहाट. पाचला उठून अंगाला तेल, उटणं, कढत पाणी. घरातले चार जण एकामागून एक न्हाऊन गेले की शेवटी आत जाते ती घरातली बाई, आणि तोवर त्या फरशीवर तेलाचा आणि उटण्याचा पातळ थर बसलेला असतो, वर साबण. दिव्यात तो दिसत नाही. ज्याचं त्याने न्हाऊन झाल्यावर भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने फरशी घासून बाहेर यायचं, हा नियम पहिल्या आंघोळीपासून करावा. आईला पहिली आंघोळ दिली तर अधिकच बरं.

खुबा मोडलाच तर ओळखू येतो: पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं असतं. उभं करून बघू नये, चौघांनी उचलून रिक्षात कोंबू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८. ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत व्हायला हवं, ‘बघू चार दिवस’ म्हणण्यात न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमा येतात. खुबा मोडल्यावर वर्षभरात साधारण पाचांतला एक माणूस दगावतो. ऑपरेशन झालं, बॉल बदलला किंवा रॉड टाकला, की परत तीच गोष्ट: हाड दुरुस्त झालं, हाडाच्या ठिसूळपणाचं औषध कुणी सुरू केलं का?

औषधं आहेत, आणि चांगली आहेत. ती वाया जातात घेण्याच्या पद्धतीत. सगळ्यात स्वस्त अ‍ॅलेंड्रोनेट, ७० मिलिग्रॅमची गोळी, आठवड्यातून एक. उपाशीपोटी घेतली तरी तिचा एक टक्कासुद्धा शोषला जात नाही. चहाबरोबर घेतली तर जवळपास काहीच नाही. सकाळी उठल्याबरोबर, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, गिळून अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. आडवं व्हायचं नाही, चहा नाही, दुसरी कुठली गोळी नाही. आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. ‘ही गोळी मला सोसत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या बायका तिच्यावर दोन घोट पाणी पिऊन पुन्हा पांघरुणात शिरलेल्या असतात, असा माझा संशय आहे.

ज्यांना हे जमत नाही त्यांना झोलेड्रॉनिक आम्ल, ५ मिलिग्रॅम सलाइनमधून, वर्षातून एकदा, किमान १५ मिनिटांत. २००७ च्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत खुबा मोडायचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झालं. आधी किडनी आणि ड जीवनसत्त्व तपासलेलं हवं, नाहीतर रक्तातलं कॅल्शिअम घसरून ओठांभोवती मुंग्या येतात, पेटके येतात. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते. पॅरासिटॅमॉल घ्यावं, पाणी प्यावं, घाबरून दुसऱ्या वर्षीचं सलाइन टाळू नये, दुसऱ्यांदा सहसा तेवढा त्रास होत नाही. जबड्याचं हाड खराब होतं म्हणून अनेक जणी नकार देतात. या डोसला ते दहा हजारांत एखादीला किंवा त्याहूनही कमी होतं. दात काढायचे असतील तर ते आधी उरकून घ्यावेत, एवढंच. बरीच वर्षं औषध चालू असताना मांडीत नवंच दुखू लागलं तर मात्र डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायचं. गोळी पाच वर्षांनी आणि सलाइन तीन वर्षांनी थांबवता येतं का, ते पुन्हा मोजून ठरवतात.

फार ठिसूळ हाडांसाठी टेरिपॅराटाइडचं रोजचं पेन असतं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, आणि ते थांबल्यावर लगेच दुसरं औषध सुरू व्हायला हवं, नाहीतर कमावलेलं हाड वर्षभरात निघून जातं.

राहिलं डेनोसुमॅब, पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी. किडनी कमकुवत असलेल्यांनाही देता येतं (त्यांच्यात कॅल्शिअमवर आणखी बारीक लक्ष ठेवून), म्हणून हल्ली बरंच दिलं जातं. पण हे औषध हाडात साठून राहत नाही. तारीख चुकली की इतके दिवस रोखलेलं पाडकाम एकदम उसळतं, आणि एकाच वेळी दोन-तीन मणके दबल्याची उदाहरणं आहेत. महिनाभराहून जास्त उशीर चालत नाही. कायमचं थांबवायचं असेल तरी त्या जागी दुसरं औषध लावूनच. त्यामुळे ही तारीख डॉक्टरांच्या फाइलपेक्षा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असावी, दुधाचे खाडे लिहितो तिथेच, लाल पेनने. नोव्हेंबरात इंजेक्शन झालं तर पुढचं मे महिन्यात, आणि मे महिना त्या कालनिर्णयात नसतोच. नवं घरात आलं की भिंतीवर टांगायच्या आधी मेचं पान उलटून खूण करून घ्यावी, कारण मे महिन्यात अर्धं ठाणं गावी गेलेलं असतं.